खोऱ्यात घेतलेलं नाव

सदर, नागपूर
२९ ऑक्टोबर १९८०

चि. चंपत यास,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याइतका बोलत नाही, तेव्हा चाललं आहे.

तुझं कार्ड सोमवारी पोचलं. गाय व्याली, हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे, गोपिकेनं अनारशाचे तांदूळ भिजत घातले, हे सगळं वाचून आनंद झाला. इकडे बाजारात आंबिया बहाराची संत्री दिसायला लागली आहेत, अजून दात आंबवणारी. शेजारचे चंद्रभान कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला आहेत ना, ते रोज कॉलरवर राख घेऊन घरी येतात आणि रोज संध्याकाळी नेमकी आमच्याच गल्लीची वीज जाते. मी त्यांना म्हणते, अहो, राख आणता तशी थोडी वीजही खिशात घालून आणत जा. ते हसतात. भले गृहस्थ आहेत.

कार्डाच्या शेवटी तू लिहिलंस, 'ताई, झालं गेलं सोडून दे. भाऊबीजेले ये. तू नाही आली तर गावात लोक काय म्हणतीन?'

येणार की नाही ते शेवटी लिहीन. आधी दुसरं लिहिते. गेल्या महिनाभरात आपल्या गावात त्या रशियातल्या खोऱ्याबद्दल सगळे बोलून राहिले आहेत, आणि जिनं ते पाहिलं ती एकटी गप्प आहे. ताईनं तिथं काय पाहिलं, हे तूही मला कधी विचारलं नाहीस. तर आज ऐक. भाषण नाही करत. बसून ऐकण्यासारखं सांगते.

मागच्या वर्षी सर्वपित्रीच्या आसपास आमचं बायकांचं शिष्टमंडळ तिकडे गेलं. पाळणाघरं पाहिली, सूतगिरण्या पाहिल्या, कारखान्याच्या कँटीनमध्ये बीटाचं लाल सार प्यायलो. जिथं नेतील तिथं टाळ्या वाजवल्या. मग दक्षिणेकडे जॉर्जियात नेलं. गावातले लोक त्यालाही रशियाच म्हणतात, म्हणोत. तिथल्या राजधानीतून सकाळी बस निघाली ती घाट चढत. माथ्यावर ड्रायव्हरनं गाडी उभी केली आणि काही न बोलता खाली बोट दाखवलं.

चंपत, मी उभी राहिले की शब्द आपणहून धावत येतात, हे तू लहानपणापासून पाहतोस. त्या माथ्यावर एकही आला नाही. खाली अलाझानी नदीचं खोरं होतं. आपल्या धानाच्या बांध्या कशा एकीला एक लागून असतात, तशा द्राक्षांच्या रांगा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. मधेमधे पीचची, डाळिंबाची, अक्रोडाची झाडं. आणि पलीकडे सबंध क्षितिजभर काकेशसचा बर्फ, कुणी स्वच्छ धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखा. आपण सपाट मुलखातली माणसं. रामटेकची टेकडी चढलो की आपल्याला धाप लागते आणि त्यालाच आपण डोंगर म्हणतो. मला त्या बर्फाचा राग आला. एवढं सुंदर एकाच मुलखाला देऊन ठेवायचं काय कारण होतं?

आमच्याबरोबर एक दुभाषी मुलगी होती. तिचं नाव नाना. आपल्याकडे नाना म्हटलं की काठी टेकत येणारा म्हातारा. ही विशीतली, सोनेरी केसांची. मॉस्कोत हिंदी शिकलेली, त्यामुळे आकाशवाणीच्या बातम्यांसारखी बोलायची. मी आपल्या नागपुरी हिंदीत तोंड उघडलं की ती बिचारी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, 'कृपया पुनः कहिए.' दोन दिवसांत मी तिला 'काहून' शिकवलं. मग ती मलाच विचारायची, 'ताई, आप मदिरा नहीं पीतीं, काहून?'

तिथं द्राक्षतोडणी सुरू होती. आपल्या धानकापणीसारखीच: सगळं गाव शेतात, म्हातारे टोपल्या विणत, पोरं चोरून खात, बायका गात. घरोघरी लाकडाच्या लांब डोणीत द्राक्षं पायांनी तुडवत होते. रस मातीच्या रांजणात जातो, आणि रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले. वरून पाहिलं तर नुसतं तोंड दिसतं, मातीनं लिंपलेलं. मला आपल्या आजाचं ज्वारीचं पेव आठवलं. आपण जमिनीत भूक भागवायची सोय पुरून ठेवली, त्यांनी हे पुरून ठेवलं.

तुला वाटेल, ताईला भुरळ पडली. तसं नाही. त्याच दुपारी एका भिंतीच्या सावलीत एक ट्रॅक्टरवाला तोंडावर टोपी घेऊन पडला होता, आणि त्याची बायको त्याच्या पायातले बूट काढत होती. ते बूट काढणं मी ओळखते. आपल्या गावात वहाणा असतात एवढाच फरक. मी नानाला बाजूला घेऊन विचारलं, 'इथं बाया रडत नाहीत का?' तिनं आधी मागं वळून पाहिलं आणि मग म्हणाली, 'रोती हैं, ताई. जब शिष्टमंडल नहीं आता, तब.'

हे वाक्य त्या फोटोत आलेलं नाही. फोटोत फक्त मी आली आहे.

संध्याकाळी वानो नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात जेवण होतं. अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबल. घरच्या म्हातारीनं गळ्यात घालायच्या हारांसारख्या अक्रोडाच्या माळा हातावर टांगून आणल्या होत्या. अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या रसाच्या खिरीत बुडवून वाळवलेले. मी आधी त्यांना मेणबत्त्या समजले. त्यातल्याच तुझ्यासाठी आणल्या होत्या. मी पीत नाही हे नानानं सकाळीच सांगून ठेवलं होतं, म्हणून माझ्यासमोर पोरांसाठी ठेवतात तो ताजा रस ठेवला. दिवसभर मी तोच प्यायले. कुणी हसलं नाही, कुणी आग्रह केला नाही. आपल्याकडे पाहुण्यानं चहा नको म्हटलं तरी तीनदा विचारतात.

त्यांच्यात अशी रीत आहे की एक माणूस पंगतीचा म्होरक्या असतो. तो उभा राहून बोलतो तेव्हाच सगळ्यांनी प्यायचं, एरवी नाही. आधी देवाचं, मग पाहुण्यांचं, मग मुलाबाळांचं. वानो बोलत होता आणि मला त्याचा हेवा वाटून राहिला होता. आवाज चढवत नव्हता, हात नाचवत नव्हता, आणि सगळं टेबल त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. मग सगळे उठून उभे राहिले. नाना माझ्या कानात म्हणाली, आता गेलेल्या माणसांचं. इथं प्रत्येकानं आपल्या मेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, भाकरीवर चार थेंब सांडायचे आणि उरलेलं प्यायचं. नाव घेतलं नाही तर त्या माणसाची जागा वर रिकामी राहते म्हणे.

वानोनं त्याच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. लढाईत गेलेला. पस्तीस वर्षं झाली असतील, तरी म्हाताऱ्याची हनुवटी हलली. मग एकेक करत ते माझ्यापर्यंत आलं.

आणि मी म्हणाले, लहानू.

आपल्या लहानूचं नाव मी त्या आधी इतकं मोठ्यानं कधी घेतलं होतं ते मला आठवेना. परदेशात, परक्यांत, ज्यांना त्याचा अर्थ कळत नाही त्यांच्यासमोर ते बाहेर आलं. सगळं टेबल ते म्हणायला लागलं. लाआनू, लाआनू. 'ह' त्यांना जमत नव्हता. वानोनं विचारलं आणि नानानं भाषांतर केलं, 'आपके भाई कैसे गए?'

मी काय उत्तर दिलं ते पुढं लिहिते. ते ऐकून वानोनं हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाला, 'पाहुणीनं रसावर नाव घेतलं तरी चालेल. पोचेल.' मी रसाचा पेला बाजूला सारला आणि म्हणाले, नको, तेच द्या. चार थेंब भाकरीवर सांडले. उरलेलं प्यायले. त्या वेळी बरोबरच्या फोटोवाल्यानं दिवा चमकवला.

हा तो फोटो.

आता तुझ्या गावच्या ग्रामसभेकडे येते.

तू तर होतासच, पण तू मागं खांबाला टेकून उभा होतास; मी जे समोरून पाहिलं ते तुला दिसलं नसेल. शाळेच्या ओट्यावर इतक्या बाया मी गावात कधी जमलेल्या पाहिल्या नव्हत्या. देवकी सगळ्यांत पुढं. नवऱ्यानं आदल्या दिवशी मारलेलं डोळ्याखाली दिसत होतं, तिनं पदरही ओढला नव्हता. दारूच्या दुकानाला गावाची हरकत आहे एवढा एक ठराव व्हायचा होता. हात वर होऊ लागले होते. मी पाहत होते, चंपत, पुरुषांचेही होऊ लागले होते. तेव्हा सरपंच महादेवराव उठले. खिशातून काहीतरी काढलं आणि गोड आवाजात म्हणाले, 'ताई, एक इचारू का? हा फोटो तुमचाच हाये ना?'

फोटो हातोहात फिरला. लोकांनी मान वाकडी करून पाहिला. कवडू मागून ओरडला, 'ताई, आमालेबी एक तिकीट काढून द्या ना रशियाचं! इथली लय कडू लागते!' ओटा हसून पडला. कुणी म्हणालं, 'तिकडं पेते अन् इकडं भाषण देते.' कुणी म्हणालं, 'अरे, मोठ्या लोकायची ते वाईन असते गा, आपली ते दारू.' हे शेवटचं बोलणारा शहाणा होता. मी त्याला एरवी जवळ बोलावून शाबासकी दिली असती.

फोटो फिरत फिरत माझ्या हातात आला. त्याच्या कोपऱ्याला कुंकू लागलेलं होतं.

तेवढं पुरलं. सरपंचाला कुणी दिला, हे विचारायची गरजच उरली नाही. तो फोटो जगात एकच आहे, आणि तो मी मागच्या भाऊबीजेला ओवाळायच्या ताटात निरांजनाशेजारी ठेवून तुला दिला होता. निरांजन हलवताना तुझाच अंगठा लागून ते कुंकू त्याच्यावर आलं. मी मान वर केली. तू खांबाशी उभा होतास आणि तुझ्या वहाणेच्या टोकानं माती उकरत होतास.

देवकी ओरडली, 'ताई, सांगा ना! तो रस होता म्हणा! तिकडं पोरायलेबी रस देते म्हणून तुमीच सांगतलं होतं ना मले!'

रस. एका अक्षराच्या जोडीला एक अक्षर. म्हटलं असतं तर ठराव पास होता. दिवसभर मी रसच प्यायले होते. ते खोटंही फारसं नव्हतं. सगळा ओटा माझ्या तोंडाकडे पाहत होता. आणि जिचं बोलणं कुहीच्या बाजारात भोंग्याशिवाय ऐकू जातं असं तूच अभिमानानं सांगायचास, ती बाई उभी राहिली आणि तिचं तोंड उघडलं नाही.

'काहून बोलून नाही राहिल्या तुमी?' देवकी म्हणाली. हे ती ओरडून नाही म्हणाली.

ठराव पडला. बाया पांगल्या. देवकी माझ्या अंगावरून गेली, दोन पावलं पुढं जाऊन परत आली आणि म्हणाली, 'मी तुमच्या भरोशावर घरात भांडली होती ताई. आता घरी जाऊन काय सांगू, तेवढं तरी सांगा.' मी तेही सांगितलं नाही. बसमध्ये बसले आणि नागपूरला आले.

गावाला वाटलं, ताईची चोरी पकडली म्हणून ताई गप्प. मी का गप्प बसले ते आख्ख्या गावात एकट्या तुला माहीत आहे. मी बोलणार नाही हे तुला आधीच माहीत होतं, म्हणून तर तू तो फोटो दिलास. ताई खोटं बोलणार नाही, ही तुझी एक खात्री. ताई खरंही बोलू शकणार नाही, ही दुसरी. दोन्ही बाजूंनी बांध घालून तू पाणी अडवलंस. शेतकरी आहेस, बांध घालणं तुला चांगलं जमतं.

तर आता ते लिहिते जे आपण तिघांनी मिळून गाडलं. मी, तू आणि माय. तुला सगळं पाठ आहे, तरी लिहिते, कारण यापुढं हे फक्त तुझं माझं राहणार नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस. आदल्या संध्याकाळी तोरणाखाली लहानूनं अशा झडत्या म्हटल्या होत्या की पाटील हसून हसून खाली बसले. माझ्यावरही एक होती. 'ताई बोले, बैल डोले, मास्तर झोपले खुर्चीत!' मी त्याच्यामागं लाटणं घेऊन धावले होते. दुसऱ्या दिवशी गावातले पुरुष नाल्यापलीकडे जमले. तेव्हा राज्यात दारूबंदी होती, आणि नाल्यापलीकडे मोहाची भट्टी होती. कायदा जागेवर होता, दारू जागेवर होती, फक्त आपला लहानू संध्याकाळी घरी नव्हता. तो आपल्याच बांधीत सापडला. पालथा. घोटाभर पाण्यात. घोटाभर, चंपत! वीस वर्षांचा पोहणारा पोरगा, ज्यानं तुला तळ्यात ओढून पोहायला शिकवलं, तो घोटाभर पाण्यात बुडून मेला, कारण त्याला मान उचलायची शुद्ध नव्हती.

तू त्याला उताणा केलास. मी त्याच्या तोंडातला चिखल पदरानं काढला. मायनं वास घेतला आणि आपल्या दोघांकडे पाहून म्हणाली, 'पान लागलं म्हणा.' तिनं स्वतः त्याच्या पायाला काट्यानं दोन टोचे केले. 'माझ्या गळ्याची शपथ आहे, पोट्टेहो. माझा पोरगा दारू पिऊन मेला असं या गावात कोणी म्हणता कामा नये. त्याले साप चावला.'

आणि गावानं मानलं. माय मात्र जन्मभर त्या सापाची देणेकरी झाली. दर नागपंचमीला वारुळाशी सगळ्यांच्या लाह्या वाहून झाल्या की ती मागं थांबायची आणि एक मूठ वेगळी वाहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, 'त्या बिचाऱ्यावर आळ घेतला ना वं आपण. त्याच्या पायाशी नको का क्षमा मागू?' मुलावर आळ नको म्हणून तिनं सापावर घेतला, आणि मग सापाचीही तिला दया आली. अशी बाई. तिच्या पोटी आपण.

मी नागपूरला येऊन मास्तरीण झाले, आणि सुट्टीचा एक दिवस घरी बसले नाही. गावोगाव बोलले. प्रत्येक भाषणात मी 'एका गावचा एक तरुण' म्हणायचे. लोक रडायचे. कुणी विचारलं नाही की ताई, कोणतं गाव, कोणता तरुण. माझं सगळं बोलणं त्या एका न घेतलेल्या नावाभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं.

त्या अक्रोडाच्या झाडाखाली नानानं विचारलं, 'कैसे गए?' आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं 'साँप' हा शब्द माझ्या ओठांवर आलासुद्धा होता. मी तो गिळला. म्हणाले, 'इसी से गया. शराब से.' जिथं घरोघरी ती पुरून ठेवतात तिथं, त्यांच्याच पंगतीत. नानानं भाषांतर करण्याआधी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग केलं. कुणी माझ्या भावाला नावं ठेवली नाहीत, कुणी मान फिरवली नाही. वानोच्या म्हातारीनं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. आपल्या गावात मला जे करू दिलं नाही ते त्या लोकांनी करू दिलं, म्हणून मी प्यायले. आणि आणखी एका कारणासाठी. ज्या गोष्टीविरुद्ध मी जन्म घालवला तिची चव मला माहीत नव्हती. माझा भाऊ ज्या दारातून गेला त्या दाराला मी एकदा हात लावून पाहिला.

तुरट होती. जांभळासारखी. मग आत ऊब पसरली आणि, तुला खरं सांगते, चांगली लागली. त्या क्षणी मला लहानू कळला. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी रडले होते, पण आतून रागावलेही होते. तो राग तिथं गेला. त्यानंतर मी एकाही सभेत पिणाऱ्याची नक्कल केलेली नाही. पूर्वी करायचे, हंशा मिळायचा. पुन्हा कधी पेला उचलला नाही, उचलणारही नाही. चांगली लागते म्हणूनच तर तिच्याशी भांडायचं. वाईट लागली असती तर भाषणांची गरज काय होती?

हे सगळं, अगदी हेच, मी मागच्या भाऊबीजेला तुला सांगितलं. गोपिका चुलीशी होती. फोटो तू दोन्ही हातांत धरला होतास. तू ढसाढसा रडलास, फोटो कपाळाला लावलास आणि म्हणालास, 'लहानूले तू भेटून आली वं, ताई.'

तोच फोटो तू सरपंचाच्या खिशात घातलास.

मला कळतं तू काय म्हणशील. ग्रामसभेच्या आदल्या रात्री म्हणालाच होतास: 'मी नाही काढलं तर दुसरा कोणी काढन. सरकारच परवाना देऊन राहिलं तर मीच काहून सोडू?' सरकार देतं, हे खरं. ज्या सरकारनं बंदी घातली त्यानंच आता दुकानं वाटली, आणि दोन्ही वेळा भाषणं तीच केली. त्या सरकारशी मी वेगळी भांडेन, तो माझा धंदाच आहे. पण सरकारनं तुला तो फोटो दे म्हटलं नव्हतं. आणि दुकानासाठी जागा तू निवडलीस ती रस्त्याकडेची, लहानूच्या वाटणीची. तो मेल्यावर तुझ्याकडे आलेली. तिथून ती बांधी दिसते, चंपत. गिऱ्हाइकाला पेला देताना तुझी पाठ कोणत्या बाजूला राहील, हे तू ठरवून ठेवलं असशीलच.

पाडव्याचा मुहूर्त काढला आहेस असं कळलं. मी येणार आहे. सकाळच्या कुहीच्या बसनं. तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या या बाजूला उभी राहीन आणि बोलेन. मायची शपथ मोडणार आहे. तिनं ती मुलाची लाज झाकायला घातली होती. तू तिच्यावर दुकान बांधलंस. आता त्या शपथेत मायचं काही उरलेलं नाही. 'एका गावचा एक तरुण' म्हणणार नाही. लहानू म्हणेन. बांधी बोटानं दाखवेन. पायाला काटा कुणी टोचला तेही सांगेन, आणि सापाची लहानूच्या नावानं सगळ्या गावासमोर क्षमा मागेन. मग फोटो दाखवेन आणि सांगेन, हो, प्यायले, दारूच होती, रस नव्हता, आणि कुणाच्या नावानं. देवकीला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. ते सगळ्यांदेखत देईन. त्यावर गावानं हसायचं असेल तर हसावं. कवडूला म्हणावं, पुढं उभा राहा.

ही धमकी समजू नकोस. कुलूप उघड किंवा उघडू नकोस, मी बोलणारच. तू हे लोकांबरोबर पहिल्यांदा ऐकू नयेस, एवढ्याचसाठी हे पत्र. भाऊ म्हणून तुला जे देणं होतं ते यात आलं.

राहिली भाऊबीज.

तुला आठवतं? लहानू गेला त्या दिवाळीत मी ताट घेऊन अंगणात निघाले होते. ज्या बहिणीला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, एक भाऊ गेला तर तेवढ्यापुरतं तरी ओवाळावं. मायनं दारातच माझं मनगट धरलं. म्हणाली, 'एक हाये ना वं अजून. तो जिता असताना चंद्राले ओवाळलं तर त्याले बाधते. त्याच्यासाठी तरी नको करू.' मी परत फिरले आणि तुला ओवाळलं. तेव्हापासून दरवर्षी तुला ओवाळलं. लहानूचं राहूनच गेलं.

यंदा भाऊबीज रविवारी आहे. द्वितीयेची कोर पातळ असते आणि लवकर मावळते, म्हणून मी दिवस बुडायच्या आतच ताट तयार ठेवीन. माझ्या गल्लीतली वीज तेव्हा गेलेलीच असते. आकाश स्वच्छ दिसतं. मनगट धरायला आता माय नाही.

गोपिकेला सांग, अनारसे माझ्यासाठी वेगळे काढू नकोस. तिचा यात काही दोष नाही, तिला माझा आशीर्वाद.

लहानूची ताई,
मनकर्णा